पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी कमी का झाल्या? अकाली बाळाच्या रक्तातील जंतुसंसर्गाविषयी

तुम्ही लिहिले आहे की तुमचे बाळ 28 व्या आठवड्यात जन्मले आणि अकराव्या दिवशी त्याच्या रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचे तुम्हाला सांगण्यात आले. त्याला ताप नव्हता, पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी कमी झाल्या होत्या, पहिला सीआरपी (संसर्गात रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी) नॉर्मल होता आणि तरीही प्रतिजैविके लगेच सुरू झाली. घरातील कोणी तरी ‘बाळाला प्रतिकारशक्तीच नाही’ असे म्हणाले, तेव्हापासून तुम्हाला दोन प्रश्न छळत आहेत: प्रतिकारशक्ती वाढवणारे इंजेक्शन डॉक्टर का देत नाहीत, आणि ही दुर्बलता जन्मभर राहील का?

मी अनेक वर्षे नवजात अतिदक्षता विभागात काम करते आणि अशा प्रश्नांमागची काळजी मला ठाऊक आहे. तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी वेगळीच शंका आहे, असे मला वाटते. बाळाचे शरीर लढत आहे की नाही, आणि लढत असेल तर त्याचे रिपोर्ट मोठ्या माणसाच्या रिपोर्टच्या उलट का दिसतात? ते एकदा उलगडले की इंजेक्शनाचा आणि भविष्याचा प्रश्न समजणे सोपे जाईल. मात्र मी बाळाला तपासलेले नाही. बाळ किती आठवड्यांचे आणि किती वजनाचे होते, आईला प्रसूतीपूर्वी संसर्ग होता का, रक्तात कोणता जंतू सापडला, शिरेत नळी होती का, या गोष्टींनुसार चित्र बरेच बदलते. त्यामुळे खालील विवेचन सर्वसाधारण आहे. तुमच्या बाळाबाबतचा निर्णय त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.

‘प्रतिकारशक्तीच नाही’ हे विधान मला मान्य नाही. 28 व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या रक्तात न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, यकृत प्रथिने तयार करत असते आणि जंतूची चाहूल घेणारे रिसेप्टर पेशींवर असतात. ही सारी यंत्रणा गर्भाशयातील आयुष्यासाठी घडवलेली आहे. तेथे जंतू जवळजवळ नसतात. उलट आईच्या पेशींशी आणि प्रथिनांशी रोजचा संबंध येतो आणि त्यांच्यावर हल्ला करायचा नसतो. गर्भाने प्रत्येक परक्या खुणेवर जोरदार दाह उत्पन्न केला असता, तर वारेला इजा झाली असती आणि प्रसूती वेळेआधीच सुरू झाली असती. म्हणून गर्भाची प्रतिकारशक्ती आवरती ठेवलेली असते, आणि गर्भकाळाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. अडचण अशी की अकाली जन्मलेले बाळ हीच आवरती यंत्रणा घेऊन बारा आठवडे आधी बाहेर येते, आणि तेथे जंतू त्वचेवर, आतड्यात, नळ्यांवर सर्वत्र असतात.

आता पांढऱ्या पेशींकडे वळू, कारण तुमचा मुख्य गोंधळ तेथेच आहे. मोठ्या माणसाला संसर्ग झाला की अस्थिमज्जेत तयार होऊन थांबलेले न्यूट्रोफिल मोठ्या संख्येने रक्तात उतरतात आणि मोजणी वाढते. अकाली बाळाच्या अस्थिमज्जेत असा तयार साठा फारच थोडा असतो. शिवाय नव्या पेशी घडवण्याचे काम आधीच जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालू असते. गरज पडली म्हणून ते दुप्पट करण्याला फारसा वाव नसतो. संसर्ग होताच पेशी ऊतींकडे धाव घेतात, वापरल्या जातात, आणि मागून भरपाई तितक्या वेगाने होत नाही. त्यामुळे रक्तातील संख्या घसरते. ही घसरण शरीर लढत नसल्याची खूण नाही. लढाईत साठा संपत आल्याची खूण आहे. म्हणूनच नवजात बाळात वाढलेल्या पांढऱ्या पेशींपेक्षा कमी झालेल्या न्यूट्रोफिलनी आम्ही अधिक सावध होतो. अर्थात, आईला उच्च रक्तदाबाचा गंभीर त्रास असेल किंवा गर्भाची वाढ खुंटलेली असेल, तर जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत संसर्ग नसतानाही न्यूट्रोफिल कमी असू शकतात. अकराव्या दिवशी अचानक आलेली घट मात्र वेगळ्या नजरेने पाहावी लागते.

या ठिकाणी यंत्राने छापलेल्या आकड्यापेक्षा रक्ताची काच मला अधिक सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की प्रौढ न्यूट्रोफिलचे केंद्रक तीन-चार भागांत विभागलेले दिसते. साठा संपू लागला की अस्थिमज्जा अपरिपक्व पेशीही बाहेर सोडते, आणि त्यांचे केंद्रक वाकलेल्या पट्टीसारखे सलग दिसते. काही पेशींच्या पेशीद्रवात गडद जांभळे दाणे दिसतात, काहींमध्ये लहान पोकळ्या दिसतात. एकूण न्यूट्रोफिलमध्ये अशा अपरिपक्व पेशींचे प्रमाण 0.2 च्या पुढे गेले की संसर्गाची शंका बळावते. तुमच्या बाळाच्या रिपोर्टमध्ये हा आकडा असेल तर तो जरूर विचारा.

पेशी कमी, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की आहेत त्या पेशीही संसर्गाच्या जागी पोहोचायला उशीर करतात. रक्तवाहिनीतून बाहेर पडण्यासाठी न्यूट्रोफिलला तिच्या भिंतीला हलकेच चिकटून घरंगळावे लागते, मग घट्ट धरून भिंतीतून पलीकडे जावे लागते. या चिकटण्याला लागणारी प्रथिने अकाली बाळाच्या पेशींवर कमी असतात, त्यामुळे त्या वाहत पुढे निघून जातात. जंतूंना अडकवण्यासाठी न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचे जे जाळे बाहेर टाकतात, तेही नवजात बाळात नीट तयार होत नाही. जंतूंना खूण लावून भक्षक पेशींना ते गिळण्याजोगे करणारी पूरक प्रथिने प्रौढांच्या तुलनेत बरीच कमी असतात. आणि मोनोसाइट जंतू ओळखतात खरे, पण इतर पेशींना चेतवणारे काही महत्त्वाचे संदेश कमी पाठवतात, तर दाह शमवणारे संदेश त्या मानाने व्यवस्थित पाठवतात.

आईकडून मिळणाऱ्या प्रतिपिंडांविषयी, म्हणजे जंतूंना ओळखून खूण लावणाऱ्या प्रथिनांविषयी, बहुतेक पालकांना थोडे माहीत असते. आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. आयजीएम आणि आयजीए जात नाहीत. आयजीजीचे हे हस्तांतर दुसऱ्या तिमाहीत सुरू होते, पण त्याचा मोठा वाटा शेवटच्या तिमाहीत होतो. 28 ते 32 आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या रक्तातील पातळी आईच्या साधारण निम्म्याच्या आसपास असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती आईच्या बरोबरीची किंवा तिच्याहून जास्त असते. म्हणजे तुमच्या बाळाला जो वाटा मिळायचा होता, तो मिळण्याआधीच वारेशी संबंध तुटला. त्यातही आवरण असलेल्या जंतूंविरुद्ध उपयोगी पडणारा आयजीजी-2 हा उपप्रकार सर्वांत कमी प्रमाणात जातो. जन्मानंतर ही पातळी आठवड्यागणिक उतरत जाते, कारण मिळालेली प्रतिपिंडे झिजतात आणि स्वतःची तयार व्हायला काही महिने लागतात.

मग साहजिकच वाटते की जे कमी आहे ते बाहेरून भरून काढावे. हाच विचार वैद्यकानेही केला आणि त्याची नीट परीक्षा झाली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आयएनआयएस या चाचणीत 9 देशांतील 113 रुग्णालयांतल्या 3493 बाळांना प्रतिजैविकांसोबत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) किंवा निष्क्रिय द्रावण देण्यात आले. दोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. न्यूट्रोफिल वाढवणाऱ्या जीएम-सीएसएफ या औषधाचीही अशीच परीक्षा झाली. 2009 च्या चाचणीत 31 आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या आणि वाढ खुंटलेल्या 280 बाळांना ते प्रतिबंधासाठी देण्यात आले. न्यूट्रोफिलची संख्या खरोखरच लवकर वाढली, पण संसर्गाविना जिवंत राहणाऱ्या बाळांची संख्या वाढली नाही. 2019 मध्ये गाईच्या दुधातील लॅक्टोफेरिन हे जंतुरोधक प्रथिन तोंडावाटे देण्याची चाचणी 2203 बाळांवर झाली आणि त्यातही संसर्ग कमी झाला नाही.

या निकालांचा मी माझ्यापुरता असा अर्थ लावते की अकाली बाळाची अडचण एका घटकाच्या तुटवड्याची नाही. प्रतिपिंड दिले तरी त्याने खूण लावलेल्या जंतूला गिळणारी पेशी वेळेवर पोहोचली पाहिजे. पेशी वाढवल्या तरी त्यांना रक्तवाहिनीची भिंत ओलांडता आली पाहिजे. यंत्रणेतील एक आकडा सुधारला म्हणून यंत्रणा सुधारत नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी ते इंजेक्शन दिले नाही, याचा अर्थ त्यांनी काही हातचे राखले असा घेऊ नका. एखाद्या विशिष्ट परिस्थितीत, उदाहरणार्थ आईच्या आणि बाळाच्या रक्तगटाच्या विसंगतीमुळे होणाऱ्या तीव्र काविळीत, इम्युनोग्लोब्युलिन काही वेळा वापरले जाते. पण तो वेगळा विषय आहे.

सीआरपीबद्दल बोलू. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि ते तयार करण्याचा आदेश इंटरल्युकिन-6 या संदेशवाहकाकडून जातो. जंतू रक्तात शिरले, पेशींना कळले, संदेश गेला, यकृताने प्रथिन बनवले आणि ते रक्तात मोजण्याइतके साचले, या साऱ्याला साधारण 6 ते 12 तास लागतात, आणि शिखर बहुधा 36 ते 48 तासांनी येते. म्हणून लक्षण दिसताच घेतलेला पहिला सीआरपी नॉर्मल असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्या एका आकड्यावर विसंबून प्रतिजैविके रोखणे धोक्याचे ठरते, कारण अकाली बाळाची प्रकृती काही तासांत ढासळू शकते. उलट, पुढच्या 24 ते 48 तासांत पुन्हा पाहिलेला सीआरपीही नॉर्मल राहिला, ब्लड कल्चरमध्ये (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काही वाढले नाही आणि बाळ सावरले, तर संसर्ग नव्हता असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते आणि प्रतिजैविके थांबवता येतात. सुरुवात करणे आणि चालू ठेवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. प्रतिजैविके गरजेपेक्षा जास्त दिवस चालली तर आतड्यात नुकतीच वस्तीला आलेली हितकारक जंतुसृष्टी विस्कळीत होते, आणि अशा बाळांमध्ये आतड्याचा गंभीर दाह व पुढचा संसर्ग यांचे प्रमाण जास्त आढळते. म्हणून थांबवण्याचा निर्णयही मला सुरू करण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

ताप का नव्हता, याचे उत्तर थोडक्यात देता येईल. अकाली बाळाला स्वतःचे तापमान राखणेच कठीण जाते. उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी त्याच्याकडे कमी असते आणि ते काचपेटीच्या उष्णतेवर अवलंबून असते. त्यामुळे संसर्गात अंग तापण्याऐवजी गार पडणे, किंवा तापमान वर-खाली होत राहणे, हेच अधिक दिसते.

पहिली चाहूल बहुतेक वेळा रिपोर्टमधून येत नाही. रात्रपाळीची परिचारिका सांगते की काल डायपर बदलताना हे बाळ पाय आखडून घेत होते, आज नुसते पडून आहे. पोटात दिलेले दूध पुढच्या वेळेपर्यंत पुरेसे उतरलेले नाही. पहाटेपासून तीनदा श्वास थांबला आणि हृदयाचे ठोके मंदावले. तळपाय दाबून सोडला तर फिकट झालेली त्वचा पूर्ववत व्हायला वेळ लागतो आहे. यांतील एकेक गोष्ट संसर्गाविनाही घडते. एकाच पाळीत त्या एकत्र आल्या की मी रक्त घेते आणि रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करते. हृदयाच्या ठोक्यांतील सूक्ष्म चढउतार संसर्गात लक्षणांच्या आधीच कमी होतात, हेही आता माहीत आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 3003 अतिशय कमी वजनाच्या बाळांच्या एका चाचणीत हे चढउतार सतत दाखवणारा मॉनिटर वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 10.2 टक्क्यांवरून 8.1 टक्क्यांवर आले. लवकर ओळखणे किती मोलाचे आहे, हे त्यावरून कळते.

ब्लड कल्चरबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘इतके रक्त का घेता?’ हा प्रश्न पालक नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. एक किलोच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे 90 ते 100 मिलिलिटर रक्त असते. त्यातले कल्चरसाठी आम्ही निदान 1 मिलिलिटर मागतो. बाळाच्या रक्तात जंतूंची संख्या कधी कधी फार कमी असते. अर्धा मिलिलिटर घेतला तर त्या थेंबांत एकही जंतू नसण्याची शक्यता राहते, आणि मग निगेटिव्ह रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. बहुतेक खरे पॉझिटिव्ह रिपोर्ट 36 ते 48 तासांत कळतात.

अकराव्या दिवशीचा संसर्ग हा ‘उशिराचा’ गणला जातो. पहिल्या 72 तासांतला संसर्ग बहुधा आईकडून आलेला असतो. नंतरचा बहुधा त्वचेवरून, आतड्यातून किंवा नळ्यांवरून शिरतो. अकाली बाळाच्या त्वचेचा वरचा थर फारच पातळ असतो आणि तो घट्ट व्हायला जन्मानंतर दोन ते चार आठवडे लागतात. चिकटपट्टी काढतानाही तो सोलला जाऊ शकतो. शिरेतील प्लास्टिकच्या नळीवर स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिससारखे त्वचेवरचे जंतू चिकट थर तयार करतात, आणि त्या थराच्या आत न्यूट्रोफिल किंवा औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून अशा वेळी नळी काढून टाकणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो. क्लेबसिएला किंवा इ. कोलाय यांसारख्या जंतूंचा संसर्ग मात्र झपाट्याने वाढतो आणि त्याला औषध अधिक दिवस, साधारण 10 ते 14 दिवस, द्यावे लागते. मेंदूच्या आवरणापर्यंत तो पोहोचला असेल तर आणखी जास्त. पाठीतून पाणी काढण्याची तपासणी सुचवली गेली तर घाबरू नका. ती याच कारणासाठी असते.

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की अकाली बाळाचा प्रतिसाद केवळ दुबळा असतो. तसे नाही, आणि हा भाग पालकांना क्वचितच सांगितला जातो. त्याचा प्रतिसाद सुरुवातीला अपुरा पडतो, पण जंतू वाढत गेले तर इंटरल्युकिन-6 आणि 8 सारखे दाहकारक संदेश मोठ्या प्रमाणात निघतात आणि ते वेळीच आवरणे जमत नाही. 23 ते 32 आठवड्यांच्या काळात मेंदूच्या पांढऱ्या भागात मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी अजून घडत असतात आणि त्या दाहाला फार संवेदनशील असतात. त्याच काळात फुफ्फुसे आणि डोळ्यांचा पडदाही घडत असतो. म्हणून संसर्ग बरा झाला तरी आमचे काम संपत नाही: डोक्याची सोनोग्राफी, डोळ्यांची तपासणी, आणि घरी गेल्यावरही विकासाच्या टप्प्यांचा नियमित पाठपुरावा आवश्यक असतो. धोका वाढतो याचा अर्थ हानी झालीच असा नाही; पण भेटी चुकवू नका, कारण काही अडचण असलीच तर ती लवकर सापडलेली बरी.

इंजेक्शनाने साधले नाही ते कशाने साधते, हे तुम्ही विचारले नसले तरी मी सांगणार आहे, कारण त्यात तुमचा वाटा सर्वांत मोठा आहे. आईच्या चिकात आणि दुधात आतड्याच्या आतल्या थराचे रक्षण करणारे आयजीए, लॅक्टोफेरिन आणि जिवंत पेशी एकत्र असतात. वेगळे काढलेले लॅक्टोफेरिन कमी पडले, याचा अर्थ आईचे दूध कमी पडते असा मुळीच होत नाही. दूध थोडे असले तरी काढत राहा. पहिल्या दिवसांतले काही थेंबही बाळाच्या तोंडात आतून लावण्याजोगे असतात. बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची कांगारू पद्धत तर आता भक्कम पुराव्यावर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, 1 ते 1.8 किलोच्या दरम्यान वजन असलेल्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता ही पद्धत दिली असता, पहिल्या 28 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 15.7 टक्क्यांवरून 12.0 टक्क्यांवर आले आणि संसर्गही कमी झाले. डॉक्टरांनी होकार दिला की आई आणि वडील दोघांनीही हे करावे. आणि बाळाला स्पर्श करण्याआधी प्रत्येकाने हात धुतले का, हे विचारताना संकोच करू नका. समोर डॉक्टर असले तरीही.

उरला जन्मभराचा प्रश्न. जन्मानंतर ही यंत्रणा गर्भाशयातल्यापेक्षा वेगाने शिकते, कारण तिला आता जंतूंची रोज गाठ पडते. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांची पातळी उतरून बाळाची स्वतःची वाढेपर्यंतचे काही महिने जपण्याचे असतात, आणि पहिल्या एक-दोन वर्षांत श्वसनाचे संसर्ग अशा मुलांना अधिक त्रास देतात. त्यानंतर बहुतेक मुलांची प्रतिकारशक्ती इतरांसारखीच काम करते. लसी मात्र लांबवू नका. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून नव्हे, तर प्रत्यक्ष जन्मतारखेपासून वय मोजून त्या द्यायच्या असतात. अपवाद हिपॅटायटिस बी च्या पहिल्या मात्रेचा, जी 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला कधी आणि कशी मोजायची हे डॉक्टर ठरवतात. अकाली बाळाचा लसींना मिळणारा प्रतिसाद थोडा कमी असला तरी संरक्षण देण्याइतका असतो, आणि त्याची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढे विचारून घ्या: कल्चरमध्ये कोणता जंतू वाढला, तो कोणत्या औषधाला बधतो, औषध कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे ठरले आहे, शिरेतील नळी अजून आवश्यक आहे का, आणि न्यूट्रोफिल व प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांचे शेवटच्या तीन तपासण्यांतले आकडे कोणत्या दिशेने जात आहेत. तारखा घालून हे आकडे एका कागदावर लिहून ठेवलेत, तर पुढचा प्रत्येक रिपोर्ट तुम्हाला आधीच्या रिपोर्टशी ताडून वाचता येईल.